नऊ नंबरला स्टार्च

“आत्या, फायनलचा गोल मारलास तेव्हा बाळ पोटात होतं का?”

विचारलं! एकदाचं विचारलं! आणि तेही भर डोहाळजेवणात. हिरवी साडी नेसून, मोगऱ्याचे दागिने घालून आणि हातात फुलांचा धनुष्यबाण घेऊन आत्या झोपाळ्यावर बसलेली असताना. दिल्लीतल्या आमच्या फौजी कॉलनीतल्या पाच सवाष्णींसमोर आणि तिच्या सासूबाईंसमोर.

आता हा प्रश्न मला सुचलेला नाही, हे आधीच सांगते. शाळेच्या बसमध्ये गुरलीन आणि देविकाने बोटांवर महिने मोजले. आत्याचा सातवा महिना सरत आलाय, फायनल झाली मेच्या शेवटी. मागे मोजत मोजत देविका एकदम किंचाळली, “म्हणजे मैदानात तुमच्या बारा जणी होत्या! गोल रद्द!” गुरलीन म्हणाली, “फाउल है यार, बिल्कुल फाउल है. हिंमत है तो पूछ.” पैज लागली. विचारलं तर गुरलीनचे गोलकीपरचे ग्लोव्हज कायमचे माझे, नाही विचारलं तर महिनाभर तिचं दप्तर माझ्या खांद्यावर. पुरावा म्हणून फोन चालू ठेवून मी तो ड्रेसच्या खिशात टाकला होता. दोघी तिकडे कान लावून बसल्या होत्या.

ग्लोव्हजचं काय प्रकरण आहे तेही सांगून टाकते. दिवाळीआधी गुरलीनचं बोट मोडलं आणि शाळेच्या टीमला गोलकीपर उरली नाही. सरांनी मला उभं केलं, कारण मी उंच आहे आणि फॉरवर्ड म्हणून माझा काही उपयोग नव्हता. आणि मग काय झालं ते मला अजून खरं वाटत नाही. मी बॉल पकडायला लागले! गेल्या आठवड्यात तर पेनल्टी शूटआउटमध्ये दोन अडवल्या, आख्ख्या टीमने मला उचललं. पण घरी पत्ता नव्हता. घरी मी फॉरवर्डच होते. आमच्या घरात दुसरं काही असतच नाही. आजोबा, म्हणजे हिंदुराव, कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून नऊ नंबर, म्हणजे मुख्य फॉरवर्ड, खेळायचे. गुडघा गेला आणि त्यांचा नऊ नंबर वैजयंतीआत्याकडे आला. ती पुढे प्रोफेशनल झाली. दिल्ली-हरियाणाच्या लीगमध्ये गोलांमागे गोल मारले, इंडिया कॅम्प केला. आणि तिच्यानंतर मी, असं माझ्या बारशालाच ठरलंय म्हणे.

तर मी विचारलं. आणि आत्या खुदकन हसली.

“होतं की! आम्ही दोघींनी मिळून मारला तो.”

“ओए होए!” माझा खिसा ओरडला.

आईने माझ्याकडे बघितलं. मी खिशावर हात दाबला. वरून पालम विमानतळाचं विमान घरघरत गेलं. मग शालिनीआजींनी, म्हणजे आत्याच्या सासूबाईंनी, ओवाळायचं तबक अगदी हळू खाली ठेवलं.

“वैजयंती, तेव्हा तुला माहीत होतं का नव्हतं?”

आत्याने थाप मारायला हवी होती. नव्हतं म्हणाली असती तर गाणी म्हणून, पुरणपोळ्या खाऊन सगळे घरी गेले असते. पण आत्या गोलसमोर आली की सरळच मारते.

“होतं, आई. त्याच दिवशी सकाळी कळलं. हॉटेलच्या बाथरूममध्ये. टीमच्या डॉक्टरांना लगेच विचारलं, त्या म्हणाल्या इतक्या लवकर काही हरकत नाही, बरं वाटत असेल तर खेळ. मला इतकं बरं वाटत होतं ना, काय सांगू!”

“सकाळी?” हा आवाज मागून आला. राघवकाका, आत्याचे यजमान, गुरुग्रामच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनातून आणलेल्या पुरणपोळ्यांचे डबे त्यांच्या दोन्ही हातांत होते. “तू मला रात्री सांगितलंस. कप हातात घेऊन. दिवसभर कुणालाच माहीत नव्हतं?”

“डॉक्टरांना होतं. आणि आमच्या गोलकीपरला. आम्ही एका रूममध्ये होतो रे.”

“माझ्याआधी गोलकीपरला?”

“तिला पाठीमागून सगळं मैदान दिसतं, राघव. तिच्यापासून काय लपणार?”

हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

“चला चला, वाट्या!” आई टाळ्या वाजवत मध्ये आली. आई म्हणजे नीला धैर्यशील, सुभेदार मेजरची बायको. कुठलाही गोंधळ कार्यक्रमपत्रिकेने मिटतो यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. “रिंकू, वाट्या आण! वैजूताई, उचला एक. पेढा की बर्फी?”

मिसेस नेगींनी मिसेस थॉमसना समजावलं, “पेढा मतलब लड़का, बर्फी मतलब लड़की. जो कटोरी उठाई, वही होगा.” सगळ्या बायका पुढे सरकल्या. झोपाळा जिथे टांगला होता तिथे मुळात दाटी फार. क्वार्टरसमोरच्या छोट्या मैदानातल्या लोखंडी गोलपोस्टमध्ये बाबांनी तो टांगला होता. कॉलनीत दुसरं मजबूत काही नाही, आणि झाडाच्या फांदीवर बाबांचा भरवसा नाही. क्रॉसबारला दोर बांधून आधी वाळूच्या गोण्या ठेवून बघितल्या, मग स्वतः बसून बघितलं. वर झेंडूच्या माळा. तर आमची फॉरवर्ड अशी गोलमध्येच बसलेली, हातात फुलांचा बाण.

मी ताट पुढे केलं. दोन वाट्या पालथ्या घातलेल्या. आत्याने डोळे मिटले, हवेत बोट फिरवलं आणि डावी वाटी उचलली.

खाली काही नव्हतं.

मिसेस नेगींनी “हाय राम” म्हटलं. शालिनीआजींचा चेहरा पांढरा झाला, खरंच, पावडरीपेक्षा पांढरा. आईने गळ्यातलं मंगळसूत्र धरलं. रिकामी वाटी! डोहाळजेवणात! आत्ताच बाळाला घेऊन फायनल खेळल्याचं कळलंय आणि आता ही रिकामी वाटी!

“बर्फी होती!” मी ओरडले. “आई शप्पथ, बर्फीच होती! मी खाल्ली! प्रॅक्टिसवरून आले होते, भूक लागली होती. परत ठेवणार होते, पण डब्यातल्याही संपल्या.”

“कुणी संपवल्या?”

“त्याही मीच.”

एक क्षण वाटलं, आता कानाखाली बसणार. आणि मग आजोबा हसले. इतके हसले की त्यांची लोखंडी खुर्ची हलायला लागली. “मग पोरगीच झाली म्हणायची! फकस्त ती सध्या रिंकूच्या पोटात हाय!” आत्या तर झोपाळ्यावर दुमडली. मिसेस थॉमसना हिंदीत भाषांतर करून सांगेपर्यंत दुसऱ्यांदा हशा झाला. शालिनीआजींच्या ओठाचा एक कोपरा हलला, फक्त एकच. माझा खिसाही हसत होता. आईने तो खिसा ओळखला आणि फोन काढून घेतला. “बेटा गुरलीन, बाद में बात करना,” म्हणाली आणि बंद केला.

सगळं तिथे सुरळीत झालं असतं. पण मग बाबांनी भेट आणली.

बाबा म्हणजे धैर्यशील. आत्याचे एकुलते एक दादा. पहाटे तिला सायकलवर डबलसीट घेऊन मैदानावर सोडणारे, आणि तिची हाडं मोडतील म्हणून आयुष्यभर घाबरलेले. दोन जवानांनी उचलून आणावी अशी मोठी फ्रेम त्यांनी एकट्याने आणली. वर लाल कापड. ते ओढलं तर काचेआड आत्याची फायनलची जर्सी. निळी, पाठीवर नऊ नंबर. खाली पितळी पाटी आणि पाटीवर तीन नावं: हिंदुराव, वैजयंती, सुनयना.

सुनयना म्हणजे मी.

“सरोजिनी नगरला बनवून घेतली,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. “वैजू, खूप पळालीस. आता बस. आता रिंकू पळेल.”

टाळ्या पडल्या. आत्याने फ्रेमला हात लावला, काचेवर नाक टेकवून बघितलं.

“वहिनी, हिला काय केलंय? ही अशी उभी का आहे?”

“स्टार्च!” आई अभिमानाने म्हणाली. “धुतली, कडक स्टार्च केली, इस्त्री केली. यांच्या युनिफॉर्मसारखी. बाह्या बघा, धार आहे.”

फुटबॉलच्या जर्सीला स्टार्च! आमच्याकडे ज्याला कॉलर आहे त्याला स्टार्च होतो. बाबांचा युनिफॉर्म, माझा शाळेचा शर्ट, एकदा चुकून आजोबांचा पायजमा. जर्सी काचेत सावधान उभी होती.

आत्या हसली, पण या वेळी खुदकन नाही. ती झोपाळ्यावर परत बसली. धनुष्यबाण मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “दादा, फार सुंदर आहे. पण ही मला लागणार आहे.”

“लागणार म्हणजे?”

“क्लबचा फोन आला होता. पुढच्या सीझनला येणार का विचारतायत. सोमवारपर्यंत सांगायचंय. नाही म्हटलं तर नऊ नंबर दुसऱ्या मुलीला देतील.” तिने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. “बाळ जानेवारीत होईल. सीझन पुढच्या ऑक्टोबरात आहे. मला हो म्हणायचंय.”

हे वाक्य संपेपर्यंत आमच्या घरात दोन टीम झाल्या होत्या. फक्त कोण कुठल्या टीमला ते कुणालाच माहीत नव्हतं.

सवाष्णींना जेवायला बसवलं आणि मग खरी मॅच सुरू झाली. एक स्वयंपाकघरात, एक व्हरांड्यात. मी दोन्हीकडे मठ्ठा घेऊन फिरत होते. जे मला ऐकू आलं नाही ते आईने आणि राघवकाकांनी नंतर इतक्यांदा सांगितलंय की आता ते माझंच झालंय.

स्वयंपाकघरात आई कटाची आमटी ढवळत होती. जरुरीपेक्षा जास्त. तिच्या डोक्यात एकच होतं: शालिनीताई आता बोलणार. पुण्याच्या, बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या, सदाशिव पेठेत वाढलेल्या. आमच्या घराण्याला बोल लावणार. आणि आपण काय उत्तर देणार? कारण आईला स्वतःलाही आत्याने बसावंसं वाटत होतं. लग्न होऊन दिल्लीला आल्यापासून आत्याच्या मॅचचे डबे तिनेच भरले होते. दर वेळी घरात फोन वाजला की पाय मोडला असेल असंच तिला वाटायचं.

“तुम्ही रागावलात ना, ताई?” शेवटी आईने विचारलं.

“रागावले,” शालिनीआजी म्हणाल्या. “तो गोल ऑफसाइड होता.”

आईच्या हातातून पळी आमटीत पडली.

“मी पाहिलाय ना. फोनवर. तिच्या सगळ्या मॅच बघते मी, सांगू नका तिला. पास निघायच्या आधीच ती शेवटच्या डिफेंडरच्या पुढे होती. एका गुडघ्याने तरी. लाइनवाल्या बाईंचं लक्ष नव्हतं.” त्या पोळीवर तूप सोडत राहिल्या. “रागावले ते याचं, की डॉक्टरला सांगितलं, गोलकीपरला सांगितलं, मला कुणी सांगितलं नाही. मला माहीत असतं तर मी त्या दिवशी देवासमोर बसले असते. मी आपली वेफर्स खात बघत होते!”

“मग तुमचं मत काय? खेळू द्यायचं?”

“माझं मत असं की मी काही गुरुग्रामला येऊन आया होणार नाही. माझा पुण्यात ब्रिजचा ग्रुप आहे. आणि तुमच्या दिल्लीची हवा!” त्यांनी खिडकीकडे बघितलं. तिथे दुपारच्या उन्हातही राखाडी रंग होता. “नवीन एअर प्युरिफायर घेतला, तर सीझनपुरती येईन. ब्रिज मोबाईलवरही खेळता येतो.”

मी दाराआड उभी होते. मठ्ठ्याचा जग हातातून निसटता निसटता राहिला. शालिनीआजी आमच्या टीममध्ये! आणि आमची टीम म्हणजे कुठली, तेही मला त्याच क्षणी कळलं.

व्हरांड्यात मात्र उलटं चाललेलं. मला वाटलं होतं आजोबा आत्याच्या बाजूने असतील. पण ते उजवा गुडघा चोळत बसले होते.

“धैर्या म्हणतोय ते बरोबर हाय. माझा गुडघा गेला तवा मी बी असाच म्हणलो होतो, अजून एक सीझन. चार पोरांनी उचलून घरी आणला मला.”

“आबा, मी तेच म्हणतोय!” बाबा म्हणाले. “ती थांबेना. राघवराव, तुम्ही तरी बोला.”

राघवकाका कठड्याला टेकून उभे होते. ते पूर्ण वेळ एकच विचार करत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्या रात्री वैजू कप घेऊन दारात उभी होती. आधी कप हातात दिला आणि मग म्हणाली, आणखी एक गोष्ट आहे. तेव्हा ती इतकी आनंदात होती की यातली पहिली बातमी कुठली आणि दुसरी कुठली तेच त्यांना कळलं नव्हतं.

“मला राग आलाय, दादा,” ते म्हणाले. “पण खेळली याचा नाही. मी स्टँडमध्ये होतो आणि मला माहीत नव्हतं, याचा. माहीत असतं तर दोघींसाठी ओरडलो असतो.”

“म्हणजे तुम्ही पण तिच्याच बाजूचे!”

“मी तिचा नवरा आहे. अजून कुठल्या बाजूचा होणार?”

बाबांनी आजोबांकडे बघितलं. व्हरांड्यात ते दोघे विरुद्ध राघवकाका एकटे. शिवाय बाबांकडे अजून एक पत्ता शिल्लक होता आणि तो पत्ता मी होते.

“नऊ नंबर घरातच राहतोय ना! रिंकू आहे की! वैजूने काय करायचं ते केलं, आता पोरीला वाट देऊ दे. रिंकू! इकडे ये!”

आणि तिथून मी पळाले.

आत्या आतल्या खोलीत पलंगावर पाय वर करून पडली होती. मोगरा सगळीकडे सांडला होता. फ्रेम समोर भिंतीला टेकवलेली.

“काय गं, बर्फीचोर? बाहेर कोण जिंकतंय?”

“शालिनीआजी तुझ्या बाजूने आहेत. पण त्या म्हणतात गोल ऑफसाइड होता.”

“काय?” आत्या उठून बसली. “त्या बघतात? ऑफसाइड? मुळीच नाही! मी लाइनमध्ये होते!” मग तिला हसू आलं. हसता हसता डोळे पुसले आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, “ऐकलंस का? तुझी आजी आपल्याला ऑफसाइड देते.”

मग तिने माझ्याकडे बघितलं. आत्या पास द्यायच्या आधी बघते तसं. “रिंकू, त्या पाटीवर तुझं नाव आहे. तुला हवाय नऊ नंबर? खरं सांग. तुला हवा असेल तर दादाचं म्हणणं मला पटेल.”

बघा, किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते, फक्त आम्ही दोघी सोडून.

“आत्या, पेनल्टी अडवते ना तेव्हा काय होतं माहितीये? सगळं एकदम शांत होतं. आणि मैदान आख्खंच्या आख्खं समोर असतं. सगळ्यांच्या पाठी मला दिसतात, आणि...” मी थांबले. तोंडातून निघून गेलं होतं.

आत्याचं तोंड उघडं राहिलं. “तू गोलवर असतेस?”

“दिवाळीपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू राघवकाकांना कुठे सांगितलं होतंस!”

तिने उशी मारली. मी पकडली. तिने दुसरी मारली, वरच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीजवळ. मी उडी मारून तीही पकडली आणि आईच्या शिलाई मशिनवर जाऊन आपटले. आत्या टाळ्या वाजवत ओरडली, “अरे बाप रे! अरे बाप रे, हात बघ पोरीचे!” आणि मग एकदम तिचे डोळे चमकले. “दप्तरातला बॉल घे. चल.”

सवाष्णी मैदानात बडीशेप खात बसल्या होत्या. आत्या हिरव्या साडीत, फुलांचा मुकुट तिरपा झालेला, पुढे चालली. आम्ही सगळे मागे. तिने बाबांना सांगितलं, “दादा, झोपाळा वर बांध. रिंकूला नऊ नंबर द्यायचाय ना? मग मारू दे तिला एक. तू गोलवर थांब.”

बाबा खूश. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि झेंडूच्या माळांखाली उभे राहिले. मी बॉल ठेवला, चार पावलं मागे गेले, धावत आले आणि जीव खाऊन मारला.

बॉल गोलपोस्टच्या बाजूने, मिसेस थॉमसच्या डोक्यावरून, थेट मठ्ठ्याच्या पातेल्यात गेला. मठ्ठा सगळीकडे. मिसेस नेगींची शाल, शालिनीआजींचा चष्मा. मग शालिनीआजींनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, “हा मात्र ऑफसाइड नव्हता.”

“पाय घसरला तिचा,” बाबा म्हणाले. “रिंकू, परत मार.”

“नको, बाबा. आता तुम्ही मारा.” मी पळत घरात गेले, गुरलीनचे ग्लोव्हज घेऊन आले. दप्तरातच होते, आणि आता ते माझे होते. नव्या अनारकलीचा घेर कमरेला बांधला आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिले. “सगळ्यांनी मारा. एकेक.”

राघवकाका आधी आले. ऑफिसच्या टीममध्ये ते डिफेन्स खेळतात, असं ते सांगतात. मी एका हाताने काढला. मग आजोबा उठले. “आबा, गुडघा!” आत्या ओरडली. “गप गं, एकच!” म्हणाले आणि चप्पल काढून डाव्या पायाने असा काही फिरवून मारला की मला पूर्ण झोपावं लागलं. बोटांच्या टोकांना लागून बॉल पोस्टला आदळला. मी तोंडभर माती घेऊन उठले तर आजोबा माझ्याकडे टक लावून बघत होते.

“परत बघू,” त्यांनी परत मारला. मी परत अडवला.

“धैर्या,” आजोबा हळूच म्हणाले, “ही पोरगी फॉरवर्ड न्हाई रं.”

बाबा पुढे आले. बूट काढले. बाबा आता खेळत नव्हते, ते लढत होते. पहिला सरळ माझ्या छातीत, पकडला. दुसरा खाली उजवीकडे, पायाने काढला. तिसरा वर, क्रॉसबारखाली, झेंडूच्या माळेला लागून. मी उडी मारली, माळ तुटली, माझ्या अंगावर झेंडू पडले आणि बॉल माझ्या हातात होता. मिसेस थॉमस शिट्टी वाजवत होत्या! मला माहीतच नव्हतं त्यांना शिट्टी येते!

“आता मी,” आत्या म्हणाली.

“वैजू!” तीन आवाज एकदम.

“पळणार नाही. नुसता ढकलते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, हे चालण्यापेक्षा कमीच आहे.”

शालिनीआजी उठल्या. त्या आत्याजवळ गेल्या आणि तिचा तिरपा मुकुट सरळ केला. “जपून. आणि नीट लाइनमध्ये उभी राहा.” आत्याचे डोळे एकदम भरून आले, पण ती हसतच होती.

बॉलपासून ती एका पावलावर उभी राहिली. एक हात पोटाखाली. तिने माझ्याकडे बघितलं, मग डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, अच्छा, मला फसवतेय, म्हणजे उजवीकडे. मी उजवीकडे वाकले. तिने अगदी हळू, चहाची कपबशी पुढे सरकवावी तसा बॉल डावीकडे ढकलला. तो लोळत लोळत गेला. मी उलटं वळेपर्यंत रेषेपलीकडे जाऊन झेंडूच्या फुलांत थांबला.

गोल!

राघवकाका धावत आले आणि ओरडायला लागले. “दोघींचा! दोघींचा गोल!” मे महिन्यात राहिलेलं सगळं ओरडून घेत होते. आई हसत होती आणि रडत होती. बाबा मात्र आतल्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या फ्रेमकडे बघत होते. मग त्यांनी आत्याकडे बघितलं. तिने बॉल चपलेखाली धरला होता, कुणाला देत नव्हती.

मी गोलमध्ये चिखलात बसले होते. मठ्ठा, माती, झेंडू, फाटलेली बाही. जन्मात पहिल्यांदा मला गोल झाल्याचा इतका आनंद झाला होता. उठले, ग्लोव्हज न काढताच आई आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले. मला अजिबात भीती वाटत नव्हती. मजाच वाटत होती.

“आई, बाबा, ऐका. माझं ठरलंय. मी फॉरवर्ड होणार नाही. मी गोलकीपर आहे, दिवाळीपासून आहे, आणि राहणार. पाटीवरून माझं नाव काढा, नऊ नंबर आत्याचाच आहे आणि तिला तो हवाय. बाळ झालं, डॉक्टर हो म्हणाले, की दर रविवारी मी मेट्रोने गुरुग्रामला जाणार. तिला परत नेम धरायचाय, समोर कुणीतरी अडवणारी पाहिजे. आणि बाबा, स्क्रूड्रायव्हर आणा. फ्रेम उघडा. आई, तू जर्सी भिजत घाल. तिच्यातला स्टार्च निघायला बहुतेक ऑक्टोबर उजाडेल.”